खांदा बदलणारा सर्जन डिग्रीनंतर शिकतो कसा?

गुडघा बदलायचं ऑपरेशन आता आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, प्रत्येकाच्या नात्यात कोणी ना कोणी केलेलं असतंच, पण खांदाही बदलता येतो असं सांगितलं की अजून लोक "अरे, खरंच?" म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे खांदा बदललेले पेशंट माझ्याकडे ऑपरेशननंतर येतात आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो की हात वर कधी जाईल. आता खरं सांगायचं तर ते माझ्या व्यायामावर जेवढं आहे त्याहून जास्त ओटीत काय झालं त्यावर आहे, आणि ओटीत काय होणार ते त्या सर्जनने एमएस किंवा डीएनबी ही सर्जरीची डिग्री झाल्यावर पुढे काय शिकलं आणि कसं शिकलं त्यावर. या डिग्रीनंतरच्या शिक्षणाला डॉक्टर लोक सीएमई म्हणतात, म्हणजे कंटिन्यूइंग मेडिकल एज्युकेशन. पेशंटला याचा पत्ताच नसतो, म्हणून हे लिहितोय.

आधी खांदा समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो, खांद्यात तसं नाही. इथे गोळा मोठा आणि वाटी अगदी उथळ, बशीवर लिंबू ठेवल्यासारखं. म्हणूनच हात एवढा सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो सांधा स्वतःच्या हाडांच्या आधारावर टिकत नाही, त्याला चार छोट्या स्नायूंचा समूह धरून ठेवतो ज्याला रोटेटर कफ म्हणतात. कफ धड आहे पण सांधा झिजलाय, तर साधं म्हणजे ॲनाटॉमिक रिप्लेसमेंट करतात, गोळ्याच्या जागी धातूचा गोळा आणि वाटीच्या जागी प्लास्टिकची वाटी. पण कफच फाटून गेला असेल तर हे चालत नाही, कारण नवा गोळा धरून ठेवायला कोणी उरलेलंच नसतं, तो वर सरकतो, वाटी डुगडुगत राहते आणि शेवटी सैल होते.

यावर फ्रान्समधल्या दिजाँ शहरातल्या पॉल ग्रामाँ या सर्जनने १९८० च्या दशकात उपाय काढला, त्याने सांधाच उलटा केला. गोळा खांद्याच्या पात्याला बसवायचा आणि वाटी दंडाच्या हाडाला. असं केलं की सांध्याचा फिरण्याचा मध्यबिंदू आत आणि खाली जातो, बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू ताणला जाऊन त्याला जोर लावायला जास्त अंतर मिळतं, आणि कफ नसतानाही हात वर जातो. याला रिव्हर्स म्हणतात. अमेरिकेत याला २००३ च्या अखेरीला परवानगी मिळाली, जपानमधे तर २०१४ साली.

ह्या तारखा मी मुद्दाम सांगतोय. २००० च्या आसपास ज्यांचं एमएस झालं त्यांनी रेसिडेन्सीत, म्हणजे हॉस्पिटलात राहून एमएस शिकताना, रिव्हर्स हातात घेतलं असण्याची शक्यता जवळपास नाही, आणि आज तेच लोक पन्नाशीत, सगळ्यात अनुभवी म्हणून ओळखले जातात. त्यांनी हे ऑपरेशन शिकलं ते पूर्णपणे नंतर, कोर्स करून, फेलोशिप करून, दुसऱ्याच्या ओटीत उभं राहून, किंवा काही वेळा फारसं काही न करता. आधीच्या पिढीचंही तसंच होतं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअरने १९५० च्या दशकात फ्रॅक्चरसाठी धातूचा गोळा वापरला आणि १९७४ ला झिजलेल्या सांध्यासाठीचे निकाल छापले, मग जगभरच्या सर्जनना ते नव्याने शिकावं लागलं. त्याही आधी, १८९३ ला पॅरिसमधे पेआँ नावाच्या सर्जनने टीबीने खराब झालेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला होता, तो दोनेक वर्षांनी इन्फेक्शनमुळे काढावा लागला. म्हणजे ह्या ऑपरेशनची प्रत्येक पायरी डिग्री झालेल्या माणसांनीच पुन्हा विद्यार्थी होऊन शिकलेली आहे.

दुसरी अडचण संख्येची. गुडघे भरपूर होतात, एखादा सर्जन आठवड्याला जितके गुडघे करतो तितके खांदे कित्येक जण वर्षात करत नाहीत. अमेरिकेत २००० च्या आसपासच्या आकडेवारीत दिसलं होतं की खांदे बदलणाऱ्या सर्जनपैकी बहुतेक जण वर्षाला एक किंवा दोनच करतात. आणि हात बसायला तर संख्या लागते. २०११ मधे अमेरिकेतल्याच एका सर्जनच्या पहिल्या २०० रिव्हर्सचा अभ्यास छापून आला, त्यात पहिल्या ४० पेशंटमधे गुंतागुंत पुढच्या १६० पेक्षा ठळकपणे जास्त होती. इंग्लंडमधल्या सगळ्या नोंदी घेऊन केलेला मोठा अभ्यास २०२३ ला बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आला, त्यात वर्षाला साधारण १० पेक्षा जास्त खांदे करणाऱ्या सर्जनच्या पेशंटना पुन्हा ऑपरेशन लागायचं प्रमाण कमी दिसलं. आता वर्षाला दोन खांदे करणाऱ्याला ४० व्हायला २० वर्षं लागतील, हा हिशोब कोणीही करू शकतं. मग ते पहिले ४० पेशंट कोणाचे आईवडील असणार? माझ्या मते सीएमई नावाच्या सगळ्या खटाटोपाचं खरं काम एवढंच आहे की त्या ४० मधला जमेल तेवढा भाग पेशंटच्या अंगावर न करता आधीच कुठेतरी शिकून व्हावा.

आपल्याकडे नियम काय? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. कौन्सिलने मान्यता दिलेल्या कॉन्फरन्सला, वर्कशॉपला गेलं की पॉइंट मिळतात, कौन्सिलचा ऑब्झर्व्हर येऊन बसतो, सह्या होतात, सर्टिफिकेट मिळतं. देशपातळीवरच्या २००२ च्या नियमावलीतही पाच वर्षांत ३० तास असंच आहे. हे असायलाच हवं आणि आहे ते चांगलंच आहे. पण हे मोजतं काय, तर तुम्ही किती वेळ बसलात. खांद्याच्या सर्जनने सगळे ३० पॉइंट मणक्याच्या, गुडघ्याच्या आणि मधुमेहाच्या भाषणांना बसून जमवले तरी रिन्यूअल होतं. आणि बसून ऐकल्याने डॉक्टरचं काम किती बदलतं यावर १९९९ मधे जामा या जर्नलमधे एक गाजलेला आढावा आला होता, त्याचा निष्कर्ष असा की नुसत्या भाषणांनी डॉक्टरांच्या कामात फारसा फरक पडत नाही, जिथे चर्चा होते, हात लावून करायला मिळतं, सराव होतो तिथे पडतो.

तरी भाषणं अगदी वाया जातात असं मी म्हणणार नाही, कारण काही गोष्टी खरोखरच नुसत्या ऐकून बदलता येतात. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू, हो, तोच मुरमांवाला. हा आपल्या कातडीत, विशेषतः खांदा, पाठ, काख या भागात आणि पुरुषांमधे जास्त, खोलवर तेलग्रंथींमधे राहतो त्यामुळे वरून कितीही औषध लावून पुसलं तरी सगळा जात नाही. खांद्याच्या सांध्यात गेला तर ताप नाही, पू नाही, लाली नाही, फक्त खांदा दुखत राहतो आणि आखडतो. पेशंट माझ्याकडे येतो, आम्ही व्यायाम वाढवतो, फरक पडत नाही. सांध्यातलं सँपल लॅबला पाठवलं तर दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो की काही वाढलं नाही, आणि सगळे निश्चिंत होतात. पण हा जंतू इतका हळू वाढतो की कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, १४ दिवसांपर्यंत ठेवावं लागतं, आणि ते सर्जनने लॅबला मुद्दाम सांगावं लागतं. तसंच ऑपरेशनच्या आधी काही दिवस खांद्याला बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरमांचं साधं मलम, लावलं तर कातडीवरचे हे जंतू कमी होतात हेही आता अभ्यासांत दिसलंय. ही एवढीशी माहिती, एका तासाच्या भाषणात मिळणारी, पण ती ज्याच्यापर्यंत पोचली नाही त्याच्या पेशंटला वर्षभर दुखणं काढावं लागू शकतं.

हाताच्या गोष्टी मात्र ऐकून येत नाहीत. रिव्हर्समधे खांद्याच्या पात्याच्या वाटीवर आधी एक गोल धातूची चकती स्क्रूने बसवतात, तिला बेसप्लेट म्हणतात, गोळा तिच्यावर बसतो. ही चकती वाटीच्या खालच्या कडेला लागून, जमल्यास किंचित खाली झुकलेली बसवायची असते. वर बसली तर हात खाली आणताना दंडाकडची वाटी पात्याच्या हाडाला आपटत राहते आणि तिथे हळूहळू खाच पडते, एक्सरेत ती स्पष्ट दिसते. म्हणून खाली जायचं. पण त्याच खालच्या कडेपासून थोड्याच अंतरावरून ॲक्झिलरी नर्व्ह जाते, जी डेल्टॉइड स्नायूला चालवते, आणि रिव्हर्समधे तर सगळा खेळच त्या डेल्टॉइडवर असतो! ती नस दुखावली तर कितीही महागडा सांधा बसवा, हात वर जाणार नाही. जखम खोल, जागा अरुंद, रक्त येतंय, आणि आपल्याकडच्या लहानखुऱ्या म्हाताऱ्या बायकांची वाटी इतकी छोटी की युरोपियन मापाची चकती कधीकधी मोठी पडते. अशा ठिकाणी नस नेमकी कुठे आहे हे बोटाने चाचपून कळायला लागतं, आणि ते बोट तयार होतं फक्त करून.

म्हणून कॅडेव्हर लॅब, म्हणजे देहदानातून मिळालेल्या मृतदेहावर सराव. आपल्याकडे १९४९ च्या बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्टपासून याला कायद्याचा आधार आहे आणि महाराष्ट्रात देहदानाबद्दल लोकांमधे आस्थाही बरीच आहे, पण बहुतेक देह एमबीबीएसच्या पहिल्या वर्षासाठी फॉर्मलिनमधे ठेवले जातात आणि फॉर्मलिनमधे स्नायू लाकडासारखे ताठ होतात. शरीररचना शिकायला ते ठीक, ऑपरेशनच्या सरावाला नाही, कारण खांदा बाहेर काढता येत नाही, स्नायू सरकत नाहीत. सर्जनना लागतात ते गोठवून ठेवलेले ताजे देह किंवा ऑस्ट्रियातल्या थील यांच्या पद्धतीने मऊ राखलेले, आणि त्या सोयी खर्चिक असल्याने मोजक्याच ठिकाणी आहेत. कोणी आपल्या आजोबांचा देह दान केला असेल तर हे जरूर लक्षात ठेवा की त्यांच्यावर शिकणारे फक्त अठरा वर्षांची पोरं नसतात, पन्नाशीचे सर्जनही असतात.

कॅडेव्हर मिळत नसेल तर प्लास्टिकच्या हाडांवर जिग (हत्यार नेमक्या जागी धरणारा साचा) आणि ड्रिलचा क्रम पक्का करता येतो, नसा-रक्त काही नसतं पण हत्यारं कुठल्या क्रमाने येतात ते तरी बसतं. अलीकडे व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावून सरावही आलाय. मला आधी हा नुसता दिखावा वाटायचा, पण २०२० मधे कॅनडातल्या सीनियर रेसिडेंट्सवर एक अभ्यास झाला, विषय नेमका रिव्हर्स खांदाच होता, काहींनी व्हीआरवर शिकलं काहींनी व्हिडिओ बघून, मग सगळ्यांना कॅडेव्हरवर करायला लावलं, आणि व्हीआरवाले सरस ठरले. अभ्यास छोटा होता, १८-१९ जणांचा, तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

चांगल्या कोर्समधे आणखी एक प्रकार असतो जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो, केस डिस्कशन. पडद्यावर एक सीटी स्कॅन दाखवतात आणि आधी सगळ्यांनी आपापलं सांगायचं की तुम्ही काय कराल, नंतर ज्याचा पेशंट आहे तो सांगतो प्रत्यक्षात काय केलं आणि दोन वर्षांनी काय झालं. झिजलेल्या वाटीचे फ्रान्समधल्या लियोंच्या जील वाल्श या सर्जननी १९९९ मधे पाडलेले प्रकार सगळीकडे शिकवतात, त्यातला बी-टू प्रकार फसवा, वाटी मागच्या बाजूने झिजलेली असते आणि गोळा मागे सरकलेला. साध्या समोरच्या एक्सरेत हे कळत नाही, आणि न ओळखता साधी वाटी बसवली तर ती तिरकी बसून लवकर सैल होते. पन्नास लोकांच्या खोलीत एकाच स्कॅनवर चार वेगवेगळी मतं निघतात तेव्हा प्रत्येकाला आपलं मत तपासावं लागतं, ते घरी बसून वाचताना होत नाही. आपल्याकडे शोल्डर अँड एल्बो सोसायटी ऑफ इंडिया, बॉम्बे ऑर्थोपेडिक सोसायटीची वायरॉक ही कॉन्फरन्स, महाराष्ट्र ऑर्थोपेडिक असोसिएशनची मोआकॉन ही कॉन्फरन्स असे मंच आहेत, आणि बाहेर स्वित्झर्लंडच्या एओ या हाडांच्या सर्जनच्या संस्थेचे दावोसचे कोर्स तर १९६० पासून चालू आहेत.

आता जरा नाजूक विषय, पैसा. हात लावून शिकायचे बरेच कोर्स इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशाने किंवा मदतीने होतात, जगभर. यात उपयोग नाही असं अजिबात नाही, त्या कंपनीचा सांधा वापरायचा तर त्याची हत्यारं त्यांच्याकडूनच शिकावी लागणार. भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार यावर आपल्याकडे २००९ पासून डॉक्टरांसाठी बंदी आहे, २०२३ च्या ऑगस्टमधे आणखी कडक नियम आले होते ते त्याच महिन्यात स्थगित झाले, आणि २०२४ मधे औषध आणि उपकरण कंपन्यांसाठी वेगळ्या आचारसंहिता आल्या. पण माझी काळजी जेवणावळीबद्दल नाही, अभ्यासक्रमाबद्दल आहे. कंपनीचा कोर्स तुम्हाला सांधा कसा बसवायचा ते शिकवेल, कधी बसवायचा नाही ते शिकवण्यात तिला काय रस? २०१५ मधे इंग्लंडमधल्या प्रोफर नावाच्या मोठ्या चाचणीत खांद्याजवळचं सरकलेलं फ्रॅक्चर असलेल्या पेशंटमधे, ऑपरेशन केलेले आणि नुसती स्लिंग दिलेले, दोन वर्षांनी दोघांत फरक दिसला नाही. सांधा निखळलेले वगैरे पेशंट त्यात नव्हते, म्हणून सरसकट कोणालाच ऑपरेशन नको असा अर्थ काढू नये. उलट २०२० मधे नॉर्वेच्या अभ्यासात ६५ ते ८५ वयाच्या, जास्त तुटलेल्या हाडाच्या पेशंटमधे प्लेट-स्क्रूपेक्षा रिव्हर्स बरं ठरलं. म्हणजे कोणाला काहीच नको, कोणाला प्लेट, कोणाला रिव्हर्स हे ठरवणं हेच खरं कौशल्य, आणि ते शिकवणारे तास कोणाच्याही प्रायोजकत्वाशिवाय व्हायला हवेत असं माझं ठाम मत आहे.

जपानने काय केलं ते सांगण्यासारखं आहे. तिथे रिव्हर्स उशिरा आलं पण येतानाच ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना घेऊन आलं: ठरलेला कोर्स केलेला हवा, खांद्याच्या ठराविक ऑपरेशन्सचा अनुभव हवा, आणि पेशंटच्या वयाचीही मर्यादा. ब्रिटनने वेगळा रस्ता धरला, तिथल्या नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीत २०१२ पासून खांद्यांचीही नोंद होते, त्यामुळे आपण बसवलेल्यांपैकी किती सांधे पुन्हा उघडावे लागले हे सर्जनला दिसतं, मग भले ते दुसऱ्या हॉस्पिटलात का उघडले असेनात. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे बरं न वाटलेला पेशंट त्याच डॉक्टरकडे परत जात नाही, दुसरा गाठतो, आणि पहिल्याला वाटत राहतं की सगळं छान चाललंय. स्वतःचा निकालच कळला नाही तर माणूस शिकणार कशावरून?

एक मागणी आम्हा फिजिओंची. या कोर्सना आम्हालाही बसवा. ॲनाटॉमिकमधे पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू कापून परत शिवलेला असतो, तो जुळेपर्यंत हात बाहेरच्या बाजूला जास्त फिरवायचा नाही. रिव्हर्समधे धोका वेगळा, हात मागे, अंगाजवळ आणि आत वळलेला असताना सांधा निखळू शकतो, म्हणजे खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठणं सुरवातीला टाळायचं. दोन्ही पेशंट माझ्याकडे एकसारखी स्लिंग घालून येतात आणि कित्येकदा कार्डावर फक्त "शोल्डर रिप्लेसमेंट" लिहिलेलं असतं. मग मी फोन लावून विचारतो.

आणि तुमच्या घरी कोणाचा खांदा बदलायचं चाललं असेल तर सर्जनला सरळ विचारा, नम्रपणे पण सरळ: डॉक्टर, वर्षाला तुम्ही असे साधारण किती करता? ॲनाटॉमिक करणार की रिव्हर्स, आणि का? सीटी काढून आधी प्लॅन करणार का? ऑपरेशन नाहीच केलं तर काय होईल? यासाठी वेगळं ट्रेनिंग कुठे घेतलंय? ज्याने मनापासून शिकलंय तो या प्रश्नांनी रागवत नाही, उलट खुर्ची पुढे ओढून, कागदावर खांदा काढून दाखवतो. आणि "मी वर्षाला दोनच करतो, पण अमुक ठिकाणचे सर खूप करतात, त्यांना बोलावू किंवा तुम्ही तिकडे जा" असं कोणी म्हणालं तर त्या डॉक्टरला कधीही सोडू नका, बाकीच्या सगळ्या हाडांसाठी त्याच्याकडेच जा.